50, 85 की 70-200: मागचं किती उडतं आणि कसं उडतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणीजवळच्या गावात तुम्ही लग्नाची आणि प्री-वेडिंगची कामं घेता. क्रॉप सेन्सरची, म्हणजे आतला फोटो टिपणारा सेन्सर लहान असलेली बॉडी आहे, 50 एमएम 1.8 लेन्स आहे (पहिला आकडा फोकल लेंग्थचा, तो जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं; दुसरा एफ नंबर, तो जितका लहान तितकं लेन्समधलं भोक मोठं). आता पुढची लेन्स घ्यायची आहे, तर 50 ची 1.4, 85 ची 1.8 आणि 70-200 ची 2.8 झूम यांच्यात सगळ्यात जास्त ब्लर कुणाचा, म्हणजे माणसामागचं सगळ्यात जास्त धूसर कोण करतं, एवढं सांगा. आणि जाता जाता एक ओळ लिहिलीय, की उसाच्या फडाकडेला जोडप्याचे फोटो 1.8 वर काढले तरी मागचा पाला खरखरीत दिसतो, डोळ्याला टोचतो.

मला वाटतं तुमचा खरा प्रश्न त्या जाता जाता लिहिलेल्या ओळीत आहे. मागचं किती उडतं ही एक गोष्ट, आणि उडालेलं कसं दिसतं ही दुसरी. पहिलीचं उत्तर गणितानं मिळतं. दुसरीला प्रत्येक लेन्सचा स्वभाव बघावा लागतो. तुम्ही विचारताय पहिलीबद्दल, आणि दुखतंय दुसरीमुळे. मी बेळगावात वीस-बावीस वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळायला मला त्यातली सात-आठ वर्षं लागली आणि मधल्या काळात लेन्सवर बराच पैसा गेला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गणित. लेन्सचे एमएम भागिले एफ नंबर केलं की आतल्या भोकाचा व्यास मिळतो, म्हणजे समोरून लेन्समध्ये डोकावल्यावर जे भोक दिसतं त्याचा. तुमच्या 50 च्या 1.8 चा व्यास साधारण 28 मिलिमीटर. 50 ची 1.4 असेल तर 36. 85 ची 1.8 म्हणजे 47. 70-200 ही 200 वर 2.8 ला 71. आणि बॉडीबरोबर आलेली किट लेन्स 55 वर 5.6 ला जेमतेम 10. आता नवरीला प्रत्येक लेन्सनं फ्रेममध्ये तेवढीच मोठी ठेवा. खूप लांबचा एखादा दिवा फोटोत जो गोळा होऊन दिसतो, तो नवरीच्या चेहऱ्याशी धरून मोजला तर बरोबर तेवढ्याच मिलिमीटरचा भरतो. म्हणजे तुमच्या 50 चा गोळा तिच्या कपाळाशी धरलेल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढा, आणि 200 चा एखाद्या बांगडीएवढा. सेन्सर लहान की मोठा याचा या मापाशी संबंध नाही. क्रॉप बॉडीवर तेवढीच फ्रेम मिळवायला तुम्हाला दीडपट मागं जावं लागतं, एवढाच फरक.

इथवर 70-200 जिंकली. पण हा हिशेब मागचं फार लांब असेल तेव्हाचा. मागचं जवळ असेल तर भोकाच्या व्यासाला नवरी ते मागची वस्तू या अंतरानं गुणायचं, आणि कॅमेरा ते मागची वस्तू या अंतरानं भागायचं. तुमच्या बॉडीवर, उभ्या फ्रेममध्ये, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत माणूस घ्यायचा तर 50 ला तीन मीटर लांब उभं राहावं लागतं, 85 ला पाच, 200 ला बारा. भिंत नवरीच्या मागं दोन मीटरवर आहे असं धरा. 50 च्या 1.8 चा गोळा होतो 11 मिलिमीटरचा, 50 च्या 1.4 चा 14, 85 च्या 1.8 चा 13, आणि त्या जड, महागड्या 70-200 चा 10. तुमच्याकडं आत्ता जी लेन्स आहे तिच्याहूनही कमी! आता मागची झाडं तीस मीटरवर न्या. त्याच क्रमानं आकडे येतात 25, 32, 40 आणि 51.

म्हणूनच एक जण म्हणतो 50 ची 1.4 भारी, दुसरा म्हणतो 85 शिवाय पर्याय नाही, तिसरा 70-200 ची शपथ घेतो. तिघंही खरं बोलत असतात. प्रत्येकानं वेगळ्या जागी उभं राहून बघितलेलं असतं.

आपल्या कामात जागा कसल्या असतात बघा की. हळद घरातच असते. सोपा, माजघर, फार तर मागचं अंगण, आणि पाहुण्यांनी भरलेलं. तिथं क्रॉप बॉडीवर 85 लावून पाच मीटर मागं सरकायचं म्हटलं तर तुम्ही दाराबाहेर जाता. शहापूर, वडगावच्या जुन्या अरुंद घरांत मी 50 च्या पुढची लेन्स बॅगेतून काढतच नाही, आणि माझी बॉडी फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची आहे. याउलट येळ्ळूरच्या राजहंसगडावर तटाच्या कडेला जोडपं उभं करा. मागं खालचं सगळं रान कितीतरी लांब पसरलेलं असतं, तिथं 200 जे करते ते 50 ला जमणारच नाही. तुमच्या बाजूला संध्याकाळी तवंदी घाटातल्या गाड्यांचे दिवे मागं घेतलेत तरी तेच होईल.

लांब लेन्सचा आणखी एक गुण आहे. तो ब्लरमध्ये धरला जातो, पण खरं तर वेगळा आहे. तीस मीटरवरच्या मागच्यातलं 50 मध्ये जवळजवळ सोळा मीटर उंचीचं दृश्य दिसतं: झाडं, विजेचा खांब, वर आभाळाचा पांढरा तुकडा. 200 मध्ये त्यातलं पाचच मीटर येतं. म्हणजे तुम्ही अर्धं पाऊल डावीकडं सरकलात की खांब गेला, नुसती हिरवी गर्द सावली उरली. पुष्कळदा ज्याला आपण '70-200 चा ब्लर' म्हणतो ती ही निवड असते, मागच्या पसाऱ्यातला हवा तेवढाच तुकडा उचलण्याची.

आता तुमच्या उसाकडं येऊ, कारण तिथं माझा जीव अडकलाय.

खानापूरकडच्या एका लग्नात मी नवरा-नवरीला बांबूच्या बेटासमोर उभं केलं होतं. सकाळचं कोवळं ऊन, छान साडी. माझ्याकडं तेव्हा एक जुनी 50 एमएम होती, तिच्या अपर्चरला, म्हणजे आतलं भोक लहान-मोठं करणाऱ्या झडपेला, पाच पात्या. दोघांचे चेहरे धारदार यावेत म्हणून 2.8 ला काढले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळं सुंदर दिसलं. अल्बमचं 12 बाय 36 चं पान छापून आलं तेव्हा नवरीच्या आईनं विचारलं, "मागं जाळी लावलीती काय?" मागं प्रत्येक काडीची दुहेरी रेघ झाली होती आणि पानांमधून येणाऱ्या उन्हाचे कवडसे पंचकोनी झाले होते. ब्लर होता, भरपूर होता. पण तो चेहऱ्याकडं बघू देत नव्हता. ते पान मी माझ्या खर्चानं बदलून दिलं आणि तेव्हापासून या विषयाच्या मागं लागलो.

दुहेरी रेघ का होते? लेन्सच्या मधून जाणारे किरण आणि कडेकडून जाणारे किरण नेमके एकाच जागी एकत्र येत नाहीत. पुस्तकात याला गोलीय विपथन म्हणतात. लेन्स बनवणारे ते वेगवेगळ्या भिंगांनी दुरुस्त करतात, पण किती करायचं हा त्यांचा निर्णय असतो. दुरुस्ती जरा जास्त झाली की मागच्या प्रत्येक गोळ्याची कड उजळ होते आणि मधलं फिकं राहतं, बांगडीसारखं. एका ठिपक्याची बांगडी झाली तर चालून जातं. पण काडी म्हणजे ठिपक्यांची रांग. अशा बांगड्या एकीवर एक चढल्या की दोन्ही बाजूंच्या उजळ कडांच्या दोन रेघा बनतात. दुरुस्ती मुद्दाम थोडी कमी ठेवली, तर गोळा मध्ये दाट आणि कडेला विरत जाणारा होतो, कागदावर तेलाचा थेंब पसरतो तसा. असे गोळे एकमेकांत मिसळले की मागचं लोण्यासारखं दिसतं.

म्हणून उसाचा पाला ही लेन्सची सगळ्यात कठोर परीक्षा आहे. लांब, अरुंद, कडेला उन्हानं चकाकणारी पाती, त्यांच्यामध्ये काळोख, आणि सगळं जोडप्याच्या पाठीला लागून. तुमच्या लेन्सचा दोष असेलही, पण कुठल्याही लेन्सला तिथं घाम फुटतो. त्याच शिवारात शेजारी तंबाखू असेल तर तिथं उभे करून बघा. रुंद, मऊ, झुकलेली पानं. तीच लेन्स, तोच एफ नंबर, आणि मागचं कसं शांत होतं ते बघा.

ऊसच हवा असेल तर लेन्स न बदलता एक करा. जोडपं फडापासून एक मीटरवर असेल तर तुमच्या 50 च्या 1.8 ला गोळा होतो 7 मिलिमीटरचा. त्यांना दहा मीटर पुढं बांधावर आणा, तुम्हीही तेवढेच मागं या, गोळा होतो 21 चा. एक पैसा न घालता तिप्पट. आणि ऊन पाल्यावर थेट पडत असेल तेव्हा काढू नका. सूर्य खाली गेल्यावरची वीस मिनिटं किंवा पावसाळ्यातली ढगाळ दुपार घ्या. आपल्याकडं जूनपासून पुढं तीन-चार महिने आभाळ जो मऊ उजेड देतं, त्यात साधी लेन्ससुद्धा गुणी वाटायला लागते, कारण मागं चमकणारं काही उरतच नाही. त्या दिवसांत लग्नं नसतात हे खरं, पण प्री-वेडिंगवाल्यांना मी आग्रहानं तेव्हाच बोलावतो.

एक बारीक गोष्ट, जी तुलना करणारे सहसा बघत नाहीत. मागचं पूर्ण उडालेलं असतं तिथं बऱ्याच लेन्स सारख्याच दिसतात. स्वभाव कळतो तो अर्धवट उडालेल्या जागेत, चेहऱ्यामागच्या पहिल्या हात-दोन हातांत. अंबाड्यावरचा गजरा, खांद्यावरचा पदर, खुर्चीची पाठ, मागं उभ्या असलेल्या करवलीचा चेहरा. चांगली लेन्स गजऱ्याची कळी न् कळी हळूहळू विरघळवते. वाईट लेन्स त्याच गजऱ्याला दुहेरी करते, आणि जरीच्या काठावर, पांढऱ्या फेट्याच्या कडेला हिरवी-जांभळी झाक आणते. फोकसच्या मागं हिरवी, पुढं जांभळी. हे बघायला दिव्यांच्या माळेचा फोटो उपयोगी नाही, गजऱ्याचा हवा.

दिव्यांच्या माळेत बाकीचं दिसतं. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री मी जवळजवळ दरवर्षी नवी-जुनी लेन्स घेऊन बाहेर पडतो, कारण एवढे दिवे एका वेळी दुसरीकडं मिळत नाहीत. फ्रेमच्या मध्ये गोळे गोल असतात, कोपऱ्याकडं बदामासारखे चपटे होतात. कडेच्या किरणांना लेन्सची नळीच अडवते म्हणून हे होतं. अपर्चर एक-दीड स्टॉप, म्हणजे एक-दीड पायरी, बंद केलं की बरेचसे गोल होतात. या चपट्या गोळ्यांमुळे काही लेन्समध्ये मागचं फ्रेमच्या मध्याभोवती फिरल्यासारखं दिसतं. जुनी रशियन हेलिऑस 44-2, 58 एमएम एफ 2, त्यासाठीच लोक शोधतात, आणि 1840 च्या पेट्झव्हाल पद्धतीच्या लेन्सची तीच ओळख आहे. एखाद्या फोटोत ते मोहक असतं. सबंध लग्न त्यावर काढू नये, पाहुण्यांना चक्कर येईल असं मागचं होतं. काही नव्या लेन्सच्या गोळ्यांत कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं दिसतात. ती आतल्या साच्यात घडवलेल्या अगोलीय भिंगाच्या पृष्ठभागाची खूण असते. मला ती फार खटकत नाहीत, पण रिसेप्शनच्या स्टेजमागं दिव्यांचा पडदा असेल तर दिसतात.

पात्यांचं म्हणाल तर त्या फक्त अपर्चर बंद केल्यावर मध्ये येतात. पूर्ण उघड्यावर पाच काय आणि नऊ काय, गोळा गोलच. कॅननच्या 50 च्या 1.8 ची जुनी टू आवृत्ती पाच पात्यांची होती, 2015 ची एसटीएम सात गोलाकार पात्यांची आहे. निकॉनच्या 50 च्या 1.8 जी ला सात आणि 1.4 जी ला नऊ. जोडप्याचे फोटो 2.2 ते 2.8 ला काढायची सवय असेल तर हा आकडा बघा, नाहीतर सोडून द्या.

झेंडूच्या माळेतून किंवा तोरणाच्या पानांआडून काढायची आवड असेल तर हेही लक्षात ठेवा: जी लेन्स मागचं मऊ करते, ती पुढचं सहसा कडक करते. वर सांगितलेली दुरुस्ती फोकसच्या अलीकडं बरोबर उलटी वागते. निकॉनच्या 105 आणि 135 च्या डीसी लेन्सवर यासाठीच वेगळी रिंग होती, मागचं मऊ हवं की पुढचं ते फोटोग्राफरनं ठरवायचं. सोनीची 100 ची एसटीएफ लेन्स दोन्हीकडं मऊ करते. तिच्या आत कडेकडं गडद होत जाणारं एक भिंग आहे. किंमत उजेडात मोजावी लागते. लिहिलेलं 2.8, प्रत्यक्ष उजेड 5.6 एवढा. आपल्या कार्यालयांतल्या अंधारात ती चालणार नाही.

आता तुम्ही स्वतः तुलना कशी करायची. दोन-तीन लेन्स एका दिवसासाठी भाड्यानं किंवा मित्राकडून मिळवा. घरातल्या कुणाला तरी उभं करा, केसात गजरा, अंगावर काठाची साडी. प्रत्येक लेन्सनं माणूस फ्रेममध्ये तेवढाच यायला हवा, म्हणजे तुम्हाला पुढं-मागं व्हावंच लागेल. एकाच जागी तिपाई ठेवून लेन्स बदलत गेलात तर ती तुलनाच नाही, लांब लेन्स जिंकणारच. एकदा मागं दोन मीटरवर भिंत किंवा पाला, एकदा लांबचं शिवार, एकदा अंधार पडल्यावर लायटिंगची माळ. प्रत्येक ठिकाणी एक पूर्ण उघड्यावर आणि एक 2.8 वर. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची ठेवा, एडिटिंगमधली क्लॅरिटी आणि शार्पनिंग शून्यावर. क्लॅरिटी वाढवली की मऊ गोळ्यालाही कड येते, आणि पुष्कळ जण स्वतःच्या एडिटिंगचा दोष लेन्सला देतात. तुमच्या उसाच्या फोटोत हे झालं नसेल ना, एकदा तपासा. मग फोनवर बघू नका. तुम्ही अल्बम ज्या मापाचा देता त्या मापाचं एक पान छापून घ्या आणि हातभर अंतरावरून बघा.

शेवटी निवड. ती तुमच्या कामावर आहे. निम्म्याहून जास्त फोटो घरात आणि मांडवात होत असतील तर 50 ची 1.4 घेऊन जवळच्या मागच्यात थोडा फायदा होईल, पण आधीच 50 असताना तेवढ्यासाठी पैसे घालावेत असं मला वाटत नाही. बाहेरची कामं वाढवायची असतील तर 85 ची 1.8 घ्या. तुमच्या बॉडीवर ती फुल फ्रेमवरच्या 127-128 एमएमसारखी फ्रेम देते, लांबच्या मागच्यात तुमच्या 50 च्या दीडपटीहून जास्त उडवते, आणि वजन दिवसभर पेलवतं. तिच्यावर 2 ते 2.2 ला काढा. चेहरा जवळून घ्याल तेव्हा फोकसची जागा चार-पाच सेंटिमीटरच उरते. नथ धारदार आणि डोळा मऊ असा फोटो कुणी अल्बममध्ये ठेवत नाही, म्हणून फोकस जवळच्या डोळ्यावरच.

70-200 तुम्हाला पुढंमागं लागेलच. अक्षता पडताना गर्दीच्या मागून वधू-वरांचे चेहरे गाठायला तिच्यासारखी दुसरी लेन्स नाही, आणि तिथं ब्लर किती याचा विचार करायला वेळही नसतो. ती त्या कामासाठी घ्या, बजेट जमेल तेव्हा. उसाचा पाला मऊ करायला तिची वाट बघू नका. या रविवारी जोडपं फडापासून दहा मीटर पुढं उभं करा, ऊन पाल्यावरून उतरू द्या, आणि तुमच्याच 50 नं पुन्हा काढून बघा.